खालचा आवाज

शैले, तुझ्या दहाव्याला मी गायले आणि मांडवातल्या सगळ्यांना वाटलं, मंदाचा सूर सुटला.

प्रवचन नुकतंच संपलं होतं. महाराजांनी तुझं नाव चार वेळा घेतलं, त्यात एकदा शीला म्हणाले. मग भाषणं सुरू झाली. एकाने तुला गानकोकिळा केलं. दुसऱ्याने लोककलेची उपासक म्हटलं. तिसरे उठले ते म्हणाले, आपल्या इंदापूरच्या मातीने एक थोर भजनगायिका गमावली. तू भजनं म्हणायचीस ती फक्त एकादशीला, सासूबाईंच्या धाकाने, आणि माती म्हणशील तर तू पणदऱ्याची. मी बायकांत बसून दातओठ खात होते. तू शेजारी असतीस तर मला कोपराने ढोसलं असतंस आणि मग दोघींनी पदरात तोंड लपवून हसू दाबलं असतं. माझ्या शेजारी तुझी चुलतसासू होती आणि ती रडत होती.

मग दाजींनी, तुझ्या नवऱ्याने, माइक माझ्याकडे पाठवला. "वहिनी, तुमी म्हणा एखादं. तिला बरं वाटंल."

मी उभी राहिले, डोळे मिटले आणि सुरू केलं. दोन ओळी झाल्या तशा पुढच्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. स्पीकरवाला उठून बटणं फिरवू लागला, त्याला वाटलं बिघाड त्याच्याकडेच आहे. गाणं संपवून मी खाली बसले तेव्हा तुझ्या सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "रडून रडून घसा बसला गं तुझा, मंदा. ऱ्हाऊ दे."

"व्हय, आत्याबाई," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते? घसा चांगला होता. सूरही जागेवर होता. मी माझंच गायले, खालचं. वरचं तू गायचं होतंस.

आपलं हे सगळं चुकून सुरू झालं, आठवतं ना? मी लग्न होऊन पणदऱ्यात आले तेव्हा तू नववीत होतीस. दोन वेण्या आणि तोंडाचा पट्टा. माझ्या आईने मला निघताना बजावलं होतं, नणंद शाळेतली आहे म्हणून गाफील राहू नकोस, नणंद ती नणंदच. मी आठवडाभर तुझ्याशी जपून बोलत होते. मग सकाळच्या धारा आपल्या दोघींकडे आल्या. तू तांबडीखाली बसायचीस, मी जर्सीखाली, आणि बसल्याबसल्या तुझं गाणं सुरू व्हायचं. तुझा आवाज उंच. माझा जाडाभरडा. माहेरी मला कुणी गाऊ द्यायचं नाही, मंदीचा आवाज बाप्याचा म्हणायचे. तुझ्या संगतीने मीही तोंड उघडलं, पण तुझ्या मागे वर चढायला गेले की माझा आवाज फाटायचा. शेवटी एका सकाळी मी वर जायचा नाद सोडला आणि तेच शब्द माझ्या गळ्याला झेपेल तिथून, खालून म्हणायला लागले. तुझी चाल वेगळी, माझी वेगळी, आणि दोन्ही बरोबर चाललेल्या.

तुझ्या बादलीतला आवाज थांबला. "वहिनी, ह्ये काय केलं तुमी?"

मला वाटलं, झालं, आता सासूबाईंना जाऊन सांगणार. तू म्हणालीस, "परत करा. मी धरते, तुमी खालून या."

त्यानंतर वीस-बावीस वर्षं तू हेच म्हणत आलीस. मी धरते, तुमी खालून या. मी आले.

भजनी मंडळाच्या तात्यांना आपण किती हौसेने ऐकवायला गेलो होतो. देवळाच्या ओट्यावर ते डोळे मिटून बसले आणि आपण अर्ध्यात असतानाच त्यांनी डोळे उघडले. "पोरींनो, गाणं एक हाय का दोन? एकीनं धरलं की दुसरीनं त्येच धरायचं. ह्ये म्हंजी एक बैल वावरात आन् एक बांधावर." माझं तोंड एवढंसं झालं. घर जवळ आल्यावर तू म्हणालीस, "पर वहिनी, नांगरट तर झाली का न्हाय?" मी रस्त्यात बसून हसले होते. तुझ्या आईने दारातून विचारलं होतं, सुनेला काय झालं म्हणून.

तू बारामतीला कॉलेजात जायला लागलीस आणि वसतिगृहातल्या कुठल्याशा मैत्रिणीची गिटार तुझ्या डोक्यात बसली. तुझा दादा, म्हणजे आमचा माणूस, ट्रॅक्टरचा कसला तरी पार्ट आणायला पुण्याला गेला तो पेंडीच्या पोत्यात गिटार गुंडाळून घेऊन आला. भाऊबीजेला ताटात मावेना, तर तू ती मांडीवर घेऊन ओवाळलंस. सासूबाई म्हणाल्या, "ह्यो कुठला तंबुरा? ह्याचं पोट चपटं हाय." सगळ्यात बारीक तार पहिल्याच महिन्यात तुटली. तू वर्षभर पाचच तारांवर वाजवत होतीस आणि सहावी आली तेव्हा म्हणालीस, आता हिचं काय करू.

आणि मग दूध काढायचं मशिन आलं. आपल्या गाण्याचा खरा तिसरा सोबती तोच. टुक-फुस्स, टुक-फुस्स, एका लयीत, ना पुढे ना मागे. तू गोठ्याच्या दाराशी गिटार घेऊन बसायचीस, मी गाईंच्या मधून मशिन लावत फिरायचे आणि त्याच्या ठोक्यावर आपली गाणी चालायची. गाणी तू लिहायचीस. स्कूटी शिकताना उसात शिरलेल्या बाईचं गाणं. लाईट गेल्यावर निम्म्यात थांबलेल्या गिरणीचं. मेहुण्याच्या लग्नात मिरवायला निघालेल्या तुझ्या दादाच्या मिशीचं गाणं, ते त्याला अजून माहीत नाही.

तुझं लग्न झालं तेव्हा मी सगळ्यांदेखत शहाण्यासारखी वागले आणि गोठ्यात जाऊन जर्सीच्या मानेला मिठी मारून रडले. तू गेलीस ती माझ्याच तालुक्यात, इंदापूरला, डाळिंबवाल्यांच्या घरी. मी इंदापूरहून पणदऱ्यात, तू पणदऱ्याहून इंदापुरात. बायका थट्टा करायच्या, अदलाबदल केली म्हणून. फोनवर गायचा आपण प्रयत्न केला. तुझा आवाज माझ्याकडे यायला थोडा उशीर, माझा तुझ्याकडे जायला थोडा उशीर. दोघींची भांडणंच व्हायची, तू मागे राहतेस, तुमीच पुढं पळता. मग आपण जंक्शन शोधून काढलं. बारामती-इंदापूर रस्त्यावरचं ते गाव, दोघींना निम्म्या वाटेवर. महिन्यातून एका मंगळवारी तू तिकडून एसटीने यायचीस, मी इकडून, आणि स्टँडच्या निवाऱ्यात बसून आपण दोन-तीन तास गायचो. गाडीची वाट बघणारे लोक ऐकायचे. एक म्हातारी तर आपल्यासाठी तिची गाडी सोडायची आणि वर आपल्यालाच विचारायची, "तुमची गाडी आली न्हाय का अजून?"

एक सांगू? त्या निवाऱ्यात मी जेवढी सुखी होते तेवढी कुठेच नव्हते. हे तुला तोंडावर कधी सांगितलं नाही. आपल्यात असलं बोलायची पद्धत नव्हती. मी तुला म्हणायचे, गिटार लाव आधी, बेसूर बसलीय.

लोकांना मात्र आपल्याला काय म्हणावं ते कधी कळलं नाही. गावच्या कार्यक्रमात निवेदक माइक घेऊन ओरडायचा, आता ऐकू या नणंद-भावजयीचं झकास भांडण! पहिल्यांदा तसं झालं तेव्हा तू माइक ओढून घेतलास. "भांडण घरी करतो. हितं गातो." टाळ्या पडल्या, पण पुढच्या गावात तेच. नणंद म्हटली की तिने जाच करायचा, भावजय म्हटली की तिने सोसायचं, आणि दोघी एका स्टेजवर आल्या की एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. मला वाटतं तेव्हापासूनच माझा माणसांना नावाच्या चिठ्ठ्या चिकटवण्यावरचा विश्वास उडाला. तुझा उडाला नाही. तू चांगली चिठ्ठी शोधत राहिलीस.

पुण्याच्या एका संस्थेने गावोगावच्या गाणाऱ्यांचा संग्रह करायला घेतला आणि आपल्याला बोलावलं, तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. गार काचेची खोली, कानाला डबडी. तू धरायचीस, मी यायचे, आणि तिसऱ्या ओळीला सगळं कोसळायचं. पाच वेळा, सहा वेळा. त्या रेकॉर्डिंगवाल्याने चहा मागवला. तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे, आणि दोघींच्या एकदमच लक्षात आलं की मशिन नाही. तू दादाला फोन लावलास. "दादा, गोठ्यात जा आन् मशिन चालू कर. फोन तितंच धर." भर दुपारचे दोन. त्याने खरोखर मशिन चालू केलं आणि फोन त्याच्याशी धरून उभा राहिला. दुपारी धार कशी काय म्हणून गाई हंबरायला लागल्या. त्या हंबरण्यात आणि टुक-फुस्समध्ये आपण सहाच्या सहा गाणी एका दमात म्हणून टाकली. रेकॉर्डिंगवाला शेवटी म्हणाला, सगळी गाणी एकाच लयीत का आहेत? मी म्हणाले, मशिन एकच आहे.

तोच म्हणाला तो शब्द. "तुम्ही फोक-रॉक करता, मॅडम. व्होकल हार्मनी." तू तो शब्द घरी घेऊन गेलीस, सांभाळून, पाहुण्यांनी दिलेल्या पेढ्यासारखा.

आणि त्याच शब्दावरून आपलं शेवटचं भांडण झालं.

जंक्शनलाच. तू पिशवीतून आधी संस्थेचं पोस्टर काढलंस. त्यांनी फोटो काढायला आपल्याला नऊवारी नेसवली होती, नथी घातल्या होत्या आणि जात्याशी बसवलं होतं. शैले, जात्याला आपण कधी हात लावलाय? आपल्याला दळण गिरणीतून आणायची सवय. माझा हात खुंट्यावर कसा ठेवलाय ते बघून कुणीही सांगेल की ही बाई पहिल्यांदा जात्याशी बसलीय. आणि खाली मोठ्या अक्षरात, मातीतलं फोक-रॉक. मग तू संस्थेला भरून दिलेल्या फॉर्मची प्रत दाखवलीस. तिथे प्रकार असा रकाना होता आणि त्यात तुझ्या गोल अक्षरात तेच लिहिलेलं. मला न विचारता.

मी भडकले. म्हणाले, फोक म्हणजे लोकांची जुनी गाणी ना? आपलं एक तरी जुनं आहे का? सगळी तुझ्या वहीतली, त्यात स्कूटी आणि गिरणी. आणि रॉक कुठे आहे यात? ड्रम म्हणजे आपल्या गोठ्यातलं मशिन. उद्या येणारा माणूस फोक म्हणून नथ शोधील, रॉक म्हणून धिंगाणा शोधील, आणि आपल्याकडे दोन्ही नाही म्हणून परत जाईल.

तू शांत असलीस की मला आणखी राग यायचा. "वहिनी, तुमच्या स्वयंपाकघरात कॉफीच्या डब्यात हळद असती. असती का न्हाय?"

"मग?"

"तुमाला ठावं हाय. मला ठावं हाय. पर नव्या माणसानं हळद शोधायची कुठं? डब्यावर कायतरी लिवायला पायजे का नको?"

"लिहायचं तर हळद लिही. कॉफी काय लिहितेस?"

"हळदीला नाव हाय म्हणून. आपल्याला कुटं हाय?" मग तू पोस्टरची घडी करत हळू आवाजात म्हणालीस, "इंदापुरात मला समदी अमक्याची सून म्हणत्यात. पणदऱ्यात आले तर तमक्याची बहीण. ह्ये एकच नाव असं हाय, जे तुमी आन् मी मिळून कमावलं. निम्मं खोटं असंल. पर आपलं हाय."

उत्तर नसलं की माझी जीभ काय करते ते तुला ठाऊक आहे. मी म्हणाले, "तुला नाव पाहिजे, शैला. मला गाणं पाहिजे."

शैला म्हणाले. शैले नाही.

इंदापूर गाडी लागली होती. तू गिटार पाठीवर घेतलीस, ती गाडीच्या दाराला थाडकन लागली, आणि तू मागे न बघता आत गेलीस. मी खिडकीपाशी आले नाही. दर वेळी येते, त्या वेळी आले नाही. माझी गाडी यायला चाळीस मिनिटं होती आणि मी ती सगळी मनातल्या मनात तुझ्याशी भांडण्यात घालवली. जिंकले प्रत्येक वेळी.

पुढचे सात आठवडे आपण बोललो नाही. मधला मंगळवारही मी चुकवला, गाय व्यायली आहे असा तुझ्या दादाकरवी निरोप पाठवला. गाय व्यायली नव्हती. तुला ते कळलं असणार, आपल्या कुठल्या गाईचे कितवे दिवस चाललेत हे तुला तिकडे बसून पाठ असायचं.

मग तुझं गाणं आलं. फोनवर, तुझा एकटीचा आवाज, मागे तुझ्या सासूबाई कुणाला तरी हाका मारतायत. आधी सांगणं नाही, बोलणं नाही, नुसतं गाणं.

तू तिकडून ये गं बाई, मी हिकडून येते,
अर्ध्या वाटेवरती आपली गाडी उभी ऱ्हाते.

मी ते संध्याकाळच्या धारेला लावलं. एकदा ऐकलं. दुसऱ्यांदा मशिनच्या ठोक्यावर ऐकलं. तिसऱ्यांदा मी खालून आले. शैले, काय चाल होती ती! तू प्रत्येक ओळीच्या शेवटी खाली उतरत आणली होतीस, माझ्या अगदी जवळ. एरवी तू तुझ्या उंचीवर राहायचीस आणि मी माझ्या. या गाण्यात तू निम्मी वाट खाली आली होतीस. मला कळलं. न कळण्याइतकी मी दगड नाही. मी ते गाणं चार दिवस रोज दोन्ही वेळा म्हटलं, माझा आवाज बसवला, एक जागा तर अशी सापडली की तू ऐकली असतीस तर गिटार खाली ठेवली असतीस.

आणि तुला कळवलं नाही.

तुझ्या फोनवर त्या दोन निळ्या खुणा उमटल्या असतील. वहिनीने ऐकलं, एवढंच तुला कळलं असेल. मी म्हणत होते, येत्या मंगळवारी जाऊ, समोरच म्हणून दाखवू, तोंड बघू तिचं. थोडी ताटकळू दे. खरं सांगते, मनात हेच होतं, थोडी ताटकळू दे.

सोमवारी सकाळी तू डाळिंबाच्या बागेत कोसळलीस. डोक्यात रक्तस्राव. बारामतीच्या दवाखान्यात आणलं तेव्हा तुझ्या दादाने मला पणदऱ्याहून नेलं. आयसीयूत एकेकाला पाच मिनिटं सोडत होते. तुझ्या पायाला डाळिंबाखालची माती तशीच होती. तुझ्या उशाशी एक यंत्र होतं, ते एका लयीत वाजत होतं, ना पुढे ना मागे. मला लगेच कळलं की यावर गाता येईल. माझ्या ओठांवर आलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, ऐकू येत असेल कदाचित, बोला त्यांच्याशी. पण नर्स तिथे उभी होती, पलीकडच्या कॉटवर कुणाचे तरी वडील होते, आणि मला लाज वाटली. हजार माणसांपुढे स्टेजवर गाणाऱ्या बाईला तुझ्या एकटीपुढे गायची लाज वाटली. मी तुझा तळवा चोळत राहिले. "शैले, मी आलेय," एवढंच म्हणाले. पाच मिनिटं संपली. दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, तू गेलीस.

म्हणून दहाव्याला ते गायले. कुणी न ऐकलेलं गाणं, त्यातही निम्मंच. मांडवातल्या लोकांना काय, त्यांना चाल लागली नाही. लागणार कशी? वरची चाल तुझ्या आवाजात माझ्या फोनमध्ये आहे आणि खालची माझ्या गळ्यात. दोन्ही एकत्र गोठ्याबाहेर एकदाही वाजलेल्या नाहीत, आमच्या गाई सोडल्या तर कुणी ऐकलेल्या नाहीत.

तेराव्याला मी तुझ्या स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले. तुझ्या घरात मी नवी, डबे शोधायची पाळी येणार असं मला वाटलं होतं. फळीवरच्या प्रत्येक डब्यावर तुझ्या गोल अक्षरात चिठ्ठी होती. साखर. चहा. जिरं. हळद. हळदीचा डबा कॉफीचाच होता, ती जुनी अक्षरं झाकून वर नीट हळद लिहिलेलं. मी त्या फळीला धरून उभी राहिले आणि चहा उतू गेला. तुझ्या सासूबाईंना वाटलं मला भाजलं.

मला तेव्हा समजलं तू काय म्हणत होतीस. मी चूक होते असं नाही हं. त्या पोस्टरबद्दल मी अजून भांडीन, ते जातं मला अजून दिसतं आणि अजून राग येतो. पण त्या घरात सगळे डबे मला पहिल्या झटक्यात सापडले. तू नसतानाही सापडले.

काल त्या संस्थेतून फोन आला. मुलगी चांगली होती, बोलताना अडखळत होती. संग्रह लोकांसाठी खुला करायचाय, म्हणाली, आणि पुढच्या महिन्यात बारामतीत छोटा कार्यक्रम आहे, तुम्ही याल का. आधी फॉर्म एकदा तपासून घेऊ, असं म्हणून ती एकेक रकाना वाचत गेली. "प्रकार, फोक-रॉक. हे ठेवायचं ना? शैलाताईंनी लिहिलंय."

"ठेवा," मी म्हणाले. ऐकतेस ना? ठेवा म्हणाले. कुणीतरी एखादी पोर कुठेतरी बसून फोक-रॉक शोधायला जाईल आणि तिला उसात शिरलेली स्कूटी सापडेल. तिला नथ मिळाली नाही म्हणून ती परत जाणार असेल तर जाऊ दे. पण तू सापडशील. मी हट्ट धरून बसले असते तर तू माझ्या फोनमध्ये आणि माझ्या गोठ्यातच राहिली असतीस, आणि मी हे किती दिवस पुरवणार होते?

मग ती थांबली. "पुढचा रकाना, एकल की युगल. इथे युगल आहे. मॅडम, ते आता... कार्यक्रमापुरतं तरी एकल करू का?"

शैले, त्या फोक-रॉकवरून आपण एवढं बोललो, एवढं तोडलं, आणि त्याच्याच शेजारी हा रकाना होता. तोही तूच भरला होतास. मी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं. त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. कागदावरचा सगळ्यात खरा शब्द तोच होता आणि मी त्यावरून नजर सरकवून पुढे गेले.

मी तिला म्हणाले, "बाई गं, मला एकटीला गाताच येत नाही. मी जे गाते ते निम्मं आहे."

"मग त्यांचं रेकॉर्डिंग लावू या का मागे? त्यांच्या एकटीच्या आवाजातलं काही आहे का तुमच्याकडे?"

मोह झाला. खोटं कशाला बोलू, फार मोह झाला. तुझा आवाज, पुढे बसलेल्या सगळ्यांची तोंडं, तुझ्या सासूबाईंना एकदाचं कळलं असतं की माझा घसा शाबूत होता. पण फोनवरच्या त्या गाण्यात तू मला बोलावतेयस. ते माझ्यासाठी धाडलेलं आहे. ते मी गोठ्यातच ऐकणार, दोन्ही वेळा, आणि आता रोज वेळेवर येणार.

"नको," मी म्हणाले. "मशिन घेऊन येईन मी आमचं. त्याच्यावर गाईन, खालचंच."

"पण लोकांना समजेल का?"

"नाही समजणार. बेसूर वाटेल."

"मग रकान्यात काय लिहू?"

युगल, मी म्हणाले. तिने परत विचारलं तेव्हा परत म्हणाले, युगल. तिला ते पटलं नाही, पण तिने लिहून घेतलं.

तुझ्या दादाने मशिन पुसून ठेवलंय. स्टेजवर दोन खुर्च्या मागितल्यात मी, तुझी डावीकडे, गिटारीचा दांडा कुणाला लागू नये म्हणून जरा लांब. तू नेहमी धरायचीस आणि मी खालून यायचे. या वेळी धरावं मलाच लागेल, आणि माझं धरलेलं कुणाला गाणं वाटणार नाही. वाटू नये. प्रत्येक ओळीच्या शेवटी, जिथे तू खाली उतरून माझ्याजवळ येतेस, तिथे मी तुझ्यासाठी थांबेन.